रामटेके बाईंचं अंडं

माझ्या खिडकीशी येणारा माणूस कधी रिकाम्या हाताने आला नाही. कुणाच्या हातात कापडी पिशवी असे, कुणाच्या काखेत गोणपाटाचं गाठोडं, तर कुणी मिठाईच्या डब्यात कापूस घालून त्यावर आपला ऐवज जपून आणलेला असे. गाठोडं सोडण्याआधी माणूस इकडेतिकडे बघून घेई आणि आवाज खाली आणून विचारी, "साहेब, हे काय असंल?" या एका प्रश्नावर माझी अर्धी नोकरी गेली. उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असे आणि समोरच्याला ते नको असे. तो दगड असे.

मी नागपुरातल्या एका सरकारी खात्यात भूवैज्ञानिक होतो. नकाशे करणं, खाणींचे अहवाल लिहिणं, जीपमधून उन्हातान्हात फिरणं ही खरी कामं. पण शुक्रवारी दुपारी कुणीतरी एकाने खिडकीशी बसून लोकांनी आणलेले दगड ओळखून द्यायचे, अशी आमच्याकडे जुनी पद्धत होती. सहकारी ते काम टाळायचे, कारण त्यात बढतीही नाही आणि भत्ताही नाही. मी ते मागून घेतलं आणि निवृत्त होईपर्यंत सोडलं नाही. मला दगडांचा नादच होता. लहानपणी चड्डी धुवायला टाकण्याआधी आई माझे खिसे उलटे करायची, लग्नानंतर ते काम सुनंदाकडे आलं. आमचं वॉशिंग मशीन एकदा बंद पडलं तेव्हा दुरुस्तीला आलेल्या माणसाने आतून एक छानसा अकीक काढून माझ्या बायकोच्या हातावर ठेवला आणि विचारलं, "म्याडम, अंगठीतला हाये का?" सुनंदा म्हणाली, "नाही हो भाऊ, पँटीतला आहे."

नागपूर हे दगडवेड्याच्या नशिबाने वसलेलं गाव आहे. इथले लोक संत्र्यांचा अभिमान बाळगतात, मी जमिनीचा बाळगतो. शहराच्या पश्चिमेला काळा दगड, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी थरांवर थर वाहत आलेला लाव्हा. त्याच्या खाली काही ठिकाणी चुनखडीचा पांढुरका थर, ज्यात डायनासोरची हाडं सापडतात. उत्तरेला कामठीकडे वाळूचा दगड, त्यात पानांचे ठसे इतके स्वच्छ की शिरा मोजाव्यात. पूर्वेला त्या सगळ्यांचा पणजोबा शोभेल असा जुना ग्रॅनाइट. स्कूटरवर सकाळी निघून दुपारच्या जेवणापर्यंत माणूस तीन-चार वेगवेगळ्या जगांत पाय ठेवून घरी येऊ शकतो. असं शहर फार कमी लोकांच्या वाट्याला येतं आणि आमचे लोक त्यात फ्लॅटचा दर विचारत फिरतात.

ओळखण्याची साधनंही साधी. एक भिंग, एक लोहचुंबक, लोखंडी खिळा, दगडाची रेघ ओढून रंग पाहायला खरबरीत पांढऱ्या फरशीचा तुकडा आणि बारक्या बाटलीत पातळ केलेलं आम्ल. आम्लाचा थेंब टाकल्यावर फसफसलं तर चुन्याचा अंश आहे. आणखी एक साधन सरकारने दिलेलं नव्हतं, ते म्हणजे जीभ. दगड झालेल्या हाडात बारीक छिद्रं उरलेली असतात, त्यामुळे त्याला जीभ लावली की ती चिकटते. साध्या दगडाला चिकटत नाही. जगभरचे आमच्या धंद्यातले लोक हे करतात आणि चारचौघांत कबूल करत नाहीत. एकदा एका गृहस्थांनी आणलेला तुकडा मी सवयीने जिभेला लावला. जीभ चिकटली. मी खूश होऊन विचारलं, कुठे मिळाला? ते म्हणाले, "नाग नदीच्या काठावर, सर. नाला येऊन मिळते ना, तिथीच." तो तुकडा म्हशीच्या हाडाचा निघाला. सुनंदाने त्या दिवशी मला वेगळ्या पेल्यात चहा दिला.

गिऱ्हाइकं एकेक नामी असत. लकडगंजातले एक लाकडाचे व्यापारी आले होते, मागे दोन हमाल आणि हमालांच्या खांद्यावर ओंडका. ओंडका टेबलावर आला तेव्हा टेबल करकरलं. शेठजी घाम पुसत म्हणाले, "साहेब, आयुष्य लाकडात गेलं माझं. वास घेऊन सांगतो कोणत्या जंगलचं हाये ते. याले साल हाये, गाठ हाये, वर्षाचे वेढे हायेत. पण आरीचे दात तोडून राहिलं. हे लाकूड हाये का दगड, तेवढं सांगून टाका." मी सांगितलं की दोन्ही आहे. झाड पाण्याखाली, गाळाखाली गाडलं गेलं आणि त्याच्या कणाकणाच्या जागी गारगोटी येऊन बसली. शेठजींनी ओंडक्यावरून हात फिरवला, नाकाजवळ नेला, वास घेतला आणि मान हलवली. "सागवान नाही," ते म्हणाले. मी म्हटलं, सागवान नसावंच. जाताना ओंडका घेऊन गेले आणि दुकानाच्या गल्ल्याशेजारी ठेवला. पुढे कधी त्या बाजूला गेलो की मला बोलावून चहा पाजायचे आणि आलेल्या गिऱ्हाइकाला सांगायचे की माझ्याकडे एक लाकूड आहे, ते मी विकत नाही.

दुसरे बुटीबोरीच्या कारखान्यातले एक पहारेकरी. रात्रपाळीत त्यांनी आकाशातून उजेड खाली येताना पाहिला होता आणि सकाळी कुंपणाजवळ काळाकभिन्न, जड, बुडबुड्यांनी भरलेला गोळा त्यांना सापडला होता. उल्का! गावाकडे फोन गेला होता, पेपरवाल्याशी बोलणं झालं होतं, धाकट्या मुलीने शाळेत सांगूनही टाकलं होतं. तो गोळा भट्टीतला मळ होता. लोखंड गाळताना वर येणारा हा मळ कारखान्यांच्या रस्त्यांवर भराव म्हणून टाकतात, आणि उल्का म्हणून माझ्याकडे आलेल्या दगडांत सर्वांत जास्त भरणा याचाच. उल्केत बुडबुडे नसतात. मी हे जमेल तितक्या हळू सांगितलं. त्यांनी गोळा उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "पण उजेड तर मी पाह्यला ना साहेब?" मी म्हटलं, उजेड तुम्ही पाहिलाच. तो खोटा नाही, फक्त हा गोळा त्याचा नाही. तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं आणि मुलीला सांगायला त्यांच्याकडे काहीतरी उरलं.

अशा शुक्रवारांतून मी एक नियम शिकलो: कुणालाही "हा नुसता दगड आहे" असं म्हणायचं नाही. एक तर ते खोटं आहे, कारण नुसता दगड असा दगडच नसतो. दुसरं म्हणजे माणूस वाकून एखादी गोष्ट उचलतो, खिशात घालतो, घरी नेऊन धुतो, तेव्हा त्याने जगाकडे जरा नीट पाहिलेलं असतं. त्या पाहण्यावर थुंकायचा अधिकार मला कुणी दिलेला नव्हता.

माझ्या स्वतःच्या सुखाचा दिवस रविवार. सुनंदा पोळी-भाजीचा डबा आणि पाण्याची सुरई घेऊन स्कूटरवर मागे बसायची. सक्करदऱ्यातल्या आमच्या घरून निघून शहर संपेस्तोवर जायचं, शहर तेव्हा लवकर संपायचं. मग उघड्या माळावर मान खाली घालून चालत राहायचं. दगड शोधताना माणूस बोलत नाही, घड्याळ बघत नाही, कुणाचा हेवा करत नाही. गारगोटीच्या एका तुकड्यात तांदळाएवढी गोगलगाय, तिचा शंख आतून पिळदार, जसाच्या तसा. दोन लाव्ह्यांच्या मधल्या शांततेत तिथे तळं होतं आणि त्या तळ्यात ती राहत होती. तळहातावर तिला घेऊन उभं राहिलं की मला दर वेळी तोच आनंद व्हायचा, आजही होतो. सुनंदाला दगडांचं फार काही नव्हतं, पण तिची नजर माझ्याहून तिखट. चांगले चांगले नमुने तिलाच सापडले आणि मी ते मित्रांना माझे म्हणून दाखवले, हे ती अजून सांगते. त्या माळांवर आता कॉलन्या आहेत. मेट्रोचे खड्डे खणत होते तेव्हा मी निवृत्तीच्या उंबरठ्यावर होतो, तरी पत्र्याच्या कुंपणाशी उभा राहून मजुरांना "भाऊ, तो पांढरा तुकडा इकडे फेक ना गा" म्हणत असे. आता लोक मला मोबाइलवर दगडाचे फोटो पाठवतात. फोटोला वजन नसतं, थंडपणा नसतो, त्यामुळे मला ते ओळखताच येत नाहीत आणि लोकांना वाटतं म्हातारा विसरायला लागला.

पण हे सगळं लिहायला बसलो ते रामटेके बाईंसाठी.

उन्हाळ्याच्या तोंडाचा शुक्रवार होता. खिडकीतला कूलर गुरगुरत होता. साध्या सुती पातळातल्या, खांद्याला पर्स अडकवलेल्या एक बाई आल्या आणि त्यांनी स्टीलचा मोठा डबा टेबलावर ठेवला. झाकण उघडलं, आत जुना लोकरी स्वेटर, स्वेटरच्या आत नारळाएवढा गोल दगड. इकडेतिकडे पाहिलं नाही, आवाजही खाली आणला नाही.

"मी रामटेके. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, बुटीबोरीच्या पुढं आत गाव आहे आमचं. हे डायनासोरचं अंडं आहे की नाही, ते मले खरं सांगा सर. मन राखायला नका सांगू."

मी दगड हातात घेतला आणि मला उत्तर लगेच कळलं, पण हातातून तो खाली ठेववेना. इतका सुबक गोळा मी पाहिला नव्हता. काळा दगड जमिनीत भेगाळतो, भेगांतून पाणी शिरतं, कोपरे आधी झिजतात आणि चौकोनी तुकड्याचा हळूहळू गोळा होतो. वरचे थर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सुटत जातात. आमच्याकडे अशा गोळ्यांना दर वर्षी कुणी ना कुणी अंडं म्हणून घेऊन येई. पण हा एका बाजूला किंचित निमुळता होता, खरोखर अंड्यासारखा, आणि वर्षानुवर्षं हात लागून त्याला तुळतुळीत चमक आली होती.

तरी मी सगळं रीतसर केलं. भिंगातून पाहिलं. अंड्याचं कवच पातळ असतं आणि त्यावर बारीक दाणे नि छिद्रं असतात, ती नव्हती. आम्लाचा थेंब टाकला. कवच चुन्याचं असतं, ते फसफसतं. थेंब गप्प बसून राहिला. बाई एकेक गोष्ट समजावून घेत होत्या, चांगला विद्यार्थी घेतो तशी.

"म्हणजे नाही," त्या म्हणाल्या.

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी पर्समधून रुमाल काढला, चष्मा पुसला, परत डोळ्यांवर चढवला. मग सांगू लागल्या. नोकरीच्या सुरुवातीला शाळेची विहीर खणताना हा गोळा निघाला होता. तेव्हा पेपरांत डायनासोरच्या अंड्यांच्या बातम्या येत होत्या. तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्याने हातात घेऊन "हे अंडंच दिसते" म्हटलं आणि बाईंनी ते धरून ठेवलं. दर वर्षी विज्ञानाच्या पहिल्या तासाला अंडं टेबलावर यायचं. पोरांना डोळे मिटायला लावून त्या सांगायच्या, आपल्या गावाच्या जागी काय होतं, कोण फिरत होतं. पोरं श्वास रोखून ऐकायची. आता त्या पोरांची पोरं शाळेत होती. त्या उन्हाळ्यात बाई निवृत्त होणार होत्या, आणि गावाने ठरवलं होतं की त्यांच्या सत्काराच्या दिवशी अंडं काचेच्या पेटीत बसवायचं, वर बाईंचं नाव घालायचं.

"मग सुमित आला," बाई म्हणाल्या. "माझा विद्यार्थी. मायनिंग इंजिनिअर झाला. तो कानात बोलला, बाई, मले वाटते हे अंडं नाही. गावातल्या पोट्ट्यांसमोर बोलला तर ते त्याच्या अंगावर गेले. म्हणे, शिकून आला तर आमच्या बाईले खोटं पाडून राहिला का?"

मी म्हटलं, "बाई, एका दगडामुळे पोरगा इंजिनिअर झाला. यात तुमचं काय चुकलं? तुम्ही त्यांना विचार करायला लावलं."

"तेच तर नाही केलं ना सर." पहिल्यांदा त्यांचा आवाज हलला. "माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव उचलून नदीत सोडले. आम्हाले लहानपणापासून एकच शिकवण, कोणी सांगते म्हणून मानू नका, पारखून घ्या. अन् मी काय केलं? तुम्हाले सांगू? परीक्षेले जातानी पोट्टे त्या अंड्याले हात लावून जातात. मागच्या वर्षी कोणीतरी फूल वाहिलं. यंदा उदबत्तीची राख दिसली मले तिथं. आजोबांनी देव सोडले अन् त्यांच्या नातीनं शाळेत दगड बसवला."

कूलरचं पाणी टपटपत होतं. मी म्हटलं की मी रीतसर अहवाल लिहून देतो, सही-शिक्क्यासह. बाई हसल्या. "कागद पाहून गाव म्हणन, साहेबानं बाईचं अंडं हिसकलं. नाही सर. मी ते सगळ्यांसमोर फोडते. तुम्ही या, अन् तुमचा हातोडा आणा."

इथे माझ्यातला नादिष्ट माणूस जागा झाला. फोडायचं? हा गोळा? मी त्यांना विनवलं. फोडू नका, माझ्या खात्याला द्या, काळ्या दगडाच्या झिजेचा याहून चांगला नमुना विदर्भात नसेल. मी त्याला नावनिशी कपाटात ठेवीन, विद्यार्थी येऊन पाहतील. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि स्वेटर पुन्हा गोळ्याभोवती गुंडाळला.

"कपाटात राहिलं तर ते अंडंच राहणार सर," त्या म्हणाल्या. "लोक म्हणतील, नागपूरच्या साहेबांकडं आमचं अंडं आहे."

सत्काराच्या दिवशी मी हातोडा घेऊन गेलो, आणि बाईंचं मन बदललं असेल अशी आशाही सोबत होती. शाळेच्या पटांगणात मांडव होता. सगळं गाव लोटलं होतं. शहरात नोकरीला गेलेले जुने विद्यार्थी बायका-पोरांसकट आले होते. व्यासपीठावर काचेची पेटी तयार होती, पेटीवर झोकदार अक्षरात पाटी: डायनासोरचे अंडे, आणि खाली बाईंचं नाव. पाटी प्रमोद पेंटरने रंगवली होती, बाईंच्याच हाताखाली शिकलेला. तो मला येऊन मुद्दाम सांगून गेला की अक्षराला दोन दिवस लागले, पैसा घेतला नाही.

बाईंना शाल देण्यासाठी सरपंच उठले, तर बाईंनी त्यांना हाताने थांबवलं. माईक घेतला. "आधी मले एक सांगायचं आहे," त्या म्हणाल्या आणि सगळं सांगितलं. विहिरीपासून माझ्या आम्लाच्या थेंबापर्यंत. "मी तुम्हाले चूक शिकवलं. तुमच्या पोरांनाही चूकच शिकवलं. हे अंडं नाही."

आधी कुजबुज, मग गलका. माझ्याकडे माना वळल्या आणि त्या मानांत प्रेम नव्हतं. पुढे बसलेली एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "अवं बाई, काहून असं बोलून राहिली वं? हाये ना ते अंडं!" सरपंच हळूच म्हणाले, "बाई, आजच्या दिवशी राहू द्या ना. पेटी आणली, पाटी आणली."

बाईंनी माझ्याकडे हात पुढे केला. मी हातोडा दिला. त्यांनी गोळा पायरीच्या फरशीवर ठेवला, पदर खोचला आणि मधोमध घाव घातला. हातोडा उडाला, गोळ्याला काही झालं नाही. मांडवात कुणीतरी टाळी वाजवली. दुसऱ्या घावाला वरचा एक पापुद्रा सुटून पडला. बाई ताकदीने कमी पडत होत्या असं मला वाटलं नाही. इतकी वर्षं ज्याला जपलं त्यावर घाव घालणं सोपं नव्हतं. माझ्या मनात आलं, आता थांबतील. गोळा वाचेल. मी नुसता गप्प बसलो असतो तरी वाचला असता. पण त्यांनी वर पाहिलं, थेट माझ्याकडे, आणि मी म्हणालो, "कडेला मारा बाई, मध्ये नको. तिरपा घाव घाला."

तिसऱ्या घावाला गोळा दुभंगला. आत ना पिल्लू, ना हाड, ना पोकळी. बाहेर तांबूस पापुद्रे आणि आत काळाभोर ठणठणीत दगड. बाईंनी दोन्ही अर्धुकं उचलून लोकांना दाखवली. त्यांचा चेहरा पडला होता. आपल्या शब्दाची सगळी पुंजी त्या पायरीवर सांडली अशी त्यांची समजूत झालेली स्पष्ट दिसत होती.

मग प्रमोद पेंटर उठला. पेटीजवळ गेला, आपली पाटी खिळ्यावरून काढली आणि काखेत मारली. "ठीक हाये बाई," तो म्हणाला. "सुमित सांगून राहिला होता तवा आम्ही त्याले हाणाले निघालो होतो. पण तुम्ही सोता म्हणता का अंडं नाही, तर मंग नाही. आपण मानलं. संपला विषय."

"हाव, बाई म्हणते तर नाहीच ते," मागून आवाज आले. म्हातारीनेही मान डोलावली. क्षणात सगळं गाव बाईंच्या बाजूने झालं. मी सुटकेचा श्वास सोडला. त्यांचा शब्द शाबूत होता, उलट आधीपेक्षा जड झाला होता.

पण बाई खूश नव्हत्या. त्या कपाळाला हात लावून हसत होत्या की रडत होत्या, कळेना. "अरे बाप्पा रे," त्या म्हणाल्या, "पुन्हा तेच! अरे प्रमोद, मी म्हणते म्हणून नको मानू रे! आधी मी म्हटलं म्हणून अंडं, आता मी म्हटलं म्हणून दगड. मंग मी हे फोडलं कशाले?" तरातरा खाली आल्या आणि एक अर्धुक त्याच्या हातात कोंबलं. "माझ्याकडं नको पाहू. याच्याकडं पाह्य. काय दिसते, ते सांग."

प्रमोद गोंधळला. एवढा बाप्या माणूस, मुलाच्या वयाच्या पोरांसमोर, फळ्याजवळ उभं केल्यासारखा लाल झाला. "मले काय कळते बाई त्यातलं?"

"डोळे आहेत ना?"

त्याने पाटी खाली ठेवली. अर्धुक उन्हाकडे धरलं, फिरवलं, नखाने कडा खरवडली. त्याला वेळ लागला. सरपंचांनी घड्याळ पाहिलं, पण बाईंनी कुणालाही बोलू दिलं नाही.

"बाई," तो शेवटी म्हणाला, आणि त्याचा आवाज बदलला होता. "हे बाहेरून सोलत गेलं हाये. जुन्या भितीवरचे रंगाचे पोपडे जसे निघतात ना, एकाखाली एक, तसं. ओल शिरली का पोपडे धरते भित. याच्यातबी पाणीच शिरलं असंन." मग थोडं थांबून, "अंड्याले असे पोपडे नसतेत बाई. अंड्याले एकच कवच राह्यते. हे अंडं नाही. मीच सांगतो, नाही."

बाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, मोठ्या माणसाच्या डोक्यावर ठेवतात तसा नाही, पहिलीतल्या पोराच्या ठेवतात तसा. मग दुसरं अर्धुक पहिल्या रांगेतल्या म्हातारीच्या हातात दिलं आणि विचारलं, "अन् आजी, तुम्हाले काय दिसते?"

शाल खुर्चीवर तशीच पडून राहिली. अर्धुकं हातोहात मागे जात होती, प्रत्येक जण काहीतरी सांगत होता, बरंचसं चुकीचं, आणि बाई प्रत्येकाला विचारत होत्या, कशावरून? मी इतकी वर्षं खिडकीशी बसून लोकांना सांगत आलो की तुमचा दगड काय आहे. एकदाही कुणाला विचारलं नव्हतं, तुम्हाला काय दिसतं? अर्धुक माझ्यापर्यंत आलं तेव्हा बाईंनी मलाही सोडलं नाही.

"सर, आता तुमची पाळी," त्या म्हणाल्या, आणि मी उभा राहिलो.